सत्यकथनात्मक लेखनावरची विद्यापीठाची परिषद सोलापुरात भरवायची, तर देणगीदार कशाला? नोंदणी शुल्कात भागत नाही का?

नाही भागत. शुल्कातून चहा-जेवण आणि फाइली निघतात, फार तर मंडपवाल्याचा आगाऊ. परिषद दरवर्षी टिकते ती देणगीवर. अशा दोन परिषदांची हिशेबवही मी लिहिली आहे. शुल्क वाढवलं की आधी गळतात ते अक्कलकोट-बार्शीकडून एसटीने येणारे विद्यार्थी, म्हणजे ज्यांच्यासाठी हा खटाटोप. देणगीतून मुख्यतः तीन गोष्टी होतात: वक्त्यांचा प्रवास-मुक्काम (हुतात्मा एक्सप्रेस पुण्याहून संध्याकाळी सुटते आणि रात्री सोलापूरला पोचते, त्यामुळे आदल्या रात्रीची खोली धरावीच लागते), विद्यार्थ्यांना शुल्कमाफी, आणि रिपोर्ताज (प्रत्यक्ष पाहून लिहिलेला वृत्तांत) स्पर्धेची बक्षिसं. एका वर्षाचा प्रायोजक पुढच्या वर्षी फोन उचलत नाही, म्हणून पैसा कायम ठेवीत टाकून फक्त व्याज वापरावं. ५ लाखांवर ७ टक्क्यांनी वर्षाला ३५ हजार येतात. दोन वक्ते आणि बक्षिसं त्यात बसतात. चादर-टॉवेलवाले माल द्यायला लगेच तयार होतात. सत्काराला तो हारापेक्षा बरा, पण वस्तूंवर करसवलत नाही; २ हजारांवरच्या रोख देणगीवरही नाही, तेव्हा चेकच घ्या. एक मात्र लेखी ठरवा: विषय आणि वक्ते विभागाची समितीच निवडेल. यंत्रमाग कामगारांवर कुणी खरंखुरं लिहून आणलं आणि देणगीदार कारखानदार पहिल्या रांगेत बसलेला असला, तर ते पान वाचलं गेलं पाहिजे.