जाहिरातीत सगळ्यांना काम मिळतं, मग मलाच का नाही?

"सरकार रोजगाराच्या योजनांवर एवढा पैसा घालतंय, रोज पानभर जाहिरात येते, बसस्टँडवर फलक लागलेत. मग मला काम का मिळत नाही? माझ्यातच काही खोट आहे का?" समुपदेशनाच्या कामात विशी-पंचविशीतल्या मुलामुलींकडून हा प्रश्न मी सतत ऐकते. आईवडील तोच प्रश्न दुसऱ्या टोकानं विचारतात: "सगळ्यांच्या पोरांना मिळतंय, आमच्याच पोराला काय झालंय?" एका मुलाबरोबर केलेलं काम इथे त्याच्या परवानगीनं सांगते. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

मुलगा बी.कॉम. झालेला, राहायला गावात, घरी थोडी शेती आणि दोन म्हशी. माझ्याकडे आला तो झोप लागत नाही म्हणून. लग्नकार्याला जाणं त्यानं बंद केलं होतं, कारण तिथे पहिला प्रश्न "सध्या काय करतोस?" असाच येतो. बोलता बोलता त्यानं मोबाइल पुढे केला. योजनांच्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट त्यानं एका वेगळ्या फोल्डरमध्ये साठवले होते. कौशल्य प्रशिक्षण, इंटर्नशिप, स्वयंरोजगाराचं कर्ज, मेळावे, सगळं होतं त्यात. बहुतेक ठिकाणी त्यानं अर्जही भरला होता. "मॅडम, एवढं सगळं समोर आहे आणि मला त्यातलं एकही घेता येत नाही," हे म्हणताना त्याची मान खाली गेली होती.

अशा वेळी "होईल रे सगळं ठीक" म्हणून भागत नाही. सगळ्यांना काम मिळतंय याचा पुरावा रोज सकाळी पेपरातून घरात येतोय, तोही सरकारच्या नावानं आणि हसऱ्या चेहऱ्यांच्या फोटोंसह. माझ्या दोन शब्दांनी तो कसा पुसला जाणार? म्हणून आम्ही तो पुरावाच तपासायचं ठरवलं.

एका योजनेची पानभर जाहिरात टेबलावर पसरली आणि पेन्सिल त्याच्या हातात दिली. म्हटलं, तुझ्या उपयोगाचं जे जे आहे त्याखाली रेघ मार. अर्धं पान फोटो आणि घोषवाक्यात गेलेलं. मग राज्यभराचा लाखांतला आकडा, कोटींची तरतूद, महिन्याला मिळणारी रक्कम, खाली क्यूआर कोड. रक्कम, पात्रता आणि संकेतस्थळ याखाली त्यानं रेघ मारली. मग मी विचारलं, "आपल्या जिल्ह्यात जागा किती?" त्यानं पान वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिलं. जागांचा आकडा कुठेच नव्हता. आधीच्या वर्षी किती जण लागले आणि मुदत संपल्यावर त्यांचं काय झालं, तेही नव्हतं.

मग ज्यांचे निकष जाहीर आहेत अशा योजना घेतल्या. २०२४ मध्ये राज्यात 'मुख्यमंत्री योजनादूत' हा उपक्रम जाहीर झाला. सरकारी योजनांची माहिती घरोघरी पोचवायला ५०,००० पदवीधर तरुण, महिना १०,००० रुपये, मुदत ६ महिने. प्रसिद्धी हेच इथे काम होतं. आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण निकष असा की ग्रामीण भागात ग्रामपंचायतीमागे एक आणि शहरात ५,००० लोकसंख्येमागे एक. मी त्याला म्हटलं, तुमच्या गावातले पस्तिशीच्या आतले, काम शोधणारे पदवीधर मोज. तो बोटांवर मोजायला लागला, वीसच्या पुढे गेल्यावर थांबला. "आणि जागा एक," असं तोच म्हणाला. त्या दिवशी पहिल्यांदा तो खुर्चीत जरा मागे रेलून बसला.

त्याच वर्षीची 'मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना' घ्या. वय १८ ते ३५, बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,०००, पदवीधराला १०,०००. मुदत सुरुवातीला ६ महिने होती, पुढे ती ११ महिने झाली. सरकारी कार्यालयात प्रशिक्षणार्थी घ्यायचे ते मंजूर पदांच्या ५ टक्के. म्हणजे १०० मंजूर पदांच्या कार्यालयात ५ जण. हे विद्यावेतन आहे आणि मुदतीनंतर कायम करण्याची हमी योजनेत नाही. घरात मात्र ते "सरकारी नोकरी लागली" या नावानं पोचतं. शेजारच्या घरातला मुलगा लागला की इकडचा मुलगा नापास ठरतो.

प्रसिद्धीच्या पैशाबद्दल मुलांना समजावून सांगावं लागतं, कारण त्यांचा राग आणि लाज दोन्ही तिथे अडकलेली असतात. प्रसिद्धीवरचा पैसा 'किती लोकांपर्यंत पोचलं' यावर मोजला जातो. फलक किती लागले, जाहिरात किती पेपरांत आली, व्हिडिओ किती जणांनी पाहिला. किती जणांना काम मिळालं आणि ते टिकलं, हा हिशोब निराळा. पहिला आकडा वाढवणं सोपं, कारण पैसे दिले की तो वाढतो. दुसऱ्यासाठी कारखाने, दुकानं, शिकवणारी माणसं आणि वेळ लागतो. रोजगाराच्या बाहेरचं, पण नोंदलेलं एक उदाहरण मी नेहमी देते. 'बेटी बचाओ बेटी पढाओ' योजनेसाठी २०१६ ते २०१९ या काळात राज्यांना दिलेल्या ४४६.७२ कोटी रुपयांपैकी ७८.९१ टक्के रक्कम माध्यमांतल्या प्रचारावर गेली, असं महिला सक्षमीकरणाच्या संसदीय समितीनं डिसेंबर २०२१ च्या अहवालात म्हटलं. समितीच्या अध्यक्ष होत्या आपल्या नंदुरबारच्या तेव्हाच्या खासदार हिना गावित. प्रचार गरजेचा होता, पण आता शिक्षण आणि आरोग्याकडे पैसा वळवा, असं समितीचं सांगणं होतं.

माझा जाहिरातीला विरोध नाही. दूरच्या पाड्यावरच्या मुलीला प्रशिक्षण कुठे मिळतं हे कळायलाच हवं आणि तिला कोणीतरी ते सांगायला हवं. सरकारी जाहिराती वस्तुनिष्ठ असाव्यात, त्यातून व्यक्तीचा उदोउदो होऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयानं मे २०१५ मध्ये सांगितलं. तेव्हा फोटोही राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांच्यापुरते मर्यादित केले होते. मार्च २०१६ मध्ये ती अट सैल झाली आणि मुख्यमंत्री, राज्यपाल, मंत्री परत आले. माझी मागणी फार छोटी आहे. जिल्ह्यातल्या जागा, शेवटची तारीख आणि आधीच्या वर्षी किती जण रुजू झाले, या तीन गोष्टी प्रत्येक जाहिरातीत ठळक छापा. तेवढ्यानं कितीतरी घरांतली भांडणं कमी होतील.

भांडणं म्हणते, कारण एकदा मी वडिलांनाही बोलावलं. ते हातात कात्रण घेऊनच आले. "हे बघा मॅडम, लाखो पोरांना काम दिलंय. छापून आलंय ना!" मी विचारलं, "भाऊ, ही बातमी आहे की जाहिरात?" त्यांनी कात्रण डोळ्यांजवळ नेलं. कडेला बारीक अक्षरात 'जाहिरात' असं होतं. त्यांच्या पिढीला छापलेलं म्हणजे खरं वाटतं, त्यात त्यांचा काय दोष? बराच वेळ ते गप्प होते. मग मुलाकडे न बघता म्हणाले, "मला वाटलं, हाच फिरत नाही कुठे." मुलानं त्याच दिवशी मोबाइलमधले भरलेले अर्ज त्यांना दाखवले. इतके दिवस त्यानं ते घरी दाखवलेच नव्हते.

पुढची कल्पना मुलाची. "आपण माहिती मागवूया का?" माहितीच्या अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात १० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर होतो. एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. म्हणून दोन अर्ज लिहिले. एक जागांबद्दल: जिल्ह्यात मंजूर किती, रुजू किती, मुदत पूर्ण केली किती जणांनी. दुसरा त्याच योजनेच्या प्रसिद्धीवरच्या खर्चाबद्दल. पहिल्याचं उत्तर ३० दिवसांच्या मुदतीत आलं. दुसरा अर्ज कलम ६(३) खाली वरच्या कार्यालयाकडे पाठवल्याचं कळवलं गेलं, त्याचं उत्तर यायचंय. आकडे इथे देत नाही, त्यावरून जिल्हा ओळखू येईल. पण नोंदणी केलेल्यांपैकी बहुतेक त्याच्यासारखेच बाहेर राहिलेले आहेत, हे त्यानं सरकारी कागदावर वाचलं. तो कागद त्यानं घरी वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवला.

यातून लगेच नोकरी लागली असं झालेलं नाही. फोल्डर मात्र त्यानं स्वतःच आवरलं. जिथे जिल्ह्यातल्या जागा कळतात आणि फोन उचलणारा माणूस आहे, तेवढ्याच योजना ठेवल्या. आठवड्यातला एक ठरलेला दिवस अर्जांचा, बाकी दिवस एका कर सल्लागाराकडे हिशोबाचं काम शिकायला जातो. पैसे थोडेच मिळतात, पण झोप सुधारली आहे. मध्यंतरी त्याला एक फोन आला, "योजनेत नाव लावतो, नोंदणीचे दोन हजार पाठव." त्यानं फोन ठेवला. असे पैसे कोणी मागितले तर देऊ नका. दिले गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कोणाची झोप उडाली असेल, घराबाहेर पडणं नको वाटत असेल, तर काम मिळेपर्यंत थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.