हजेरी आपल्याच बाजूची

प्रश्न : मी परंपरावादी भूमिकेतून राजकारणावर लिहितो. कुठल्याही पक्षाचा सभासद नाही. विरोधकांवर लिहिलं की पाठीवर थाप पडते. पण मी ज्यांना मत दिलं त्यांच्याच सरकारवर परवा टीका केली, तर जुने वाचक विचारू लागले, ‘तुम्हीही तिकडे गेलात का?’ अशा लेखनानं आपलीच बाजू कमकुवत होते का? लेख सोबत जोडला आहे.

उत्तर : होते. थोडीफार होतेच, उगाच नाही कशाला म्हणू? पण बाजू भक्कम करायचं काम तुमच्याकडे दिलं कुणी? त्यासाठी पक्ष प्रवक्ते नेमतात. त्यांचं काम तुम्ही फुकटात अंगावर घेऊ नका.

एडमंड बर्क हा अठराव्या शतकातला ब्रिटिश खासदार आणि विचारवंत. परंपरावादी लेखक त्याचं नाव उठता बसता घेतात, पण त्यानं काय काय गमावलं ते सोयीनं विसरतात. १७७४ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरानं त्याला संसदेत निवडून दिलं, तेव्हाच त्यानं तिथल्या मतदारांना तोंडावर सांगितलं, की प्रतिनिधीनं मतदारांसाठी राबावं, पण स्वतःची विवेकबुद्धी त्यांच्याकडे गहाण टाकू नये. पुढे आयर्लंडच्या व्यापारावरचे निर्बंध सैल करावेत म्हणून तो बोलला. ब्रिस्टलचे व्यापारी बिथरले, आणि १७८० मध्ये आपण पडणार हे दिसताच त्याला तिथून माघार घ्यावी लागली. त्याहून जिव्हारी लागणारं घडलं ते १७९१ मध्ये. चार्ल्स फॉक्स हा त्याच्याच पक्षातला, वर्षानुवर्षांचा मित्र. फॉक्स फ्रेंच राज्यक्रांतीच्या बाजूचा, बर्क विरोधातला; त्यावरून भर सभागृहात दोघांचं फाटलं. ‘मैत्री काही तुटत नाही,’ असं फॉक्स जागेवरून हळूच म्हणाला. बर्कनं सांगितलं, तुटली. फॉक्स उत्तर द्यायला उभा राहिला, पण रडू आवरेना म्हणून काही वेळ त्याला बोलताच आलं नाही.

गंमत अशी, की अमेरिकेतल्या वसाहतींची बाजू हाच बर्क आधी हिरिरीनं मांडत होता. त्यामुळे त्यानं कोलांटउडी मारली असं म्हणणारे पुष्कळ निघाले. मला तसं वाटत नाही. लोकांच्या पिढीजात हक्कांना हात कोण घालतंय, एवढंच तो पाहत होता. अमेरिकेच्या बाबतीत ते लंडनचं सरकार होतं, फ्रान्समध्ये क्रांतिकारक.

आता तुमचा लेख. ‘विरोधकांनी सत्तेत असताना संस्थांची पार वाट लावली,’ हे तुमचं पहिलंच वाक्य. कुठल्या संस्थेची? कोणता नियम मोडला, कधी? यातलं एकही उत्तर त्यात नाही, त्यामुळे आधीच पटलेल्या माणसालाच ते पटेल. चौथा परिच्छेद मात्र नेमका आहे. कायदेमंडळात चर्चा टाळून अध्यादेश काढायची सवय लागली की कायदेमंडळ नुसतं शिक्का मारण्यापुरतं उरतं, हे तुम्ही छान दाखवलंय. पण पुढच्याच पानावर आताच्या सरकारनं तीच घाई केली, तिला तुम्ही ‘धडाडी’ म्हणता! टीका केली म्हणता ती केलीत भाषणबाजीवर, आणि अध्यादेशाला हार घातलात. लेख पुरा झाला की दोन्ही पक्षांची नावं एकमेकांच्या जागी घालून तो मोठ्यानं वाचा. जिथे जीभ अडखळेल ते वाक्य काढा, नाहीतर दोघांनाही सारखं लागू करा.

जुन्या वाचकांतले काही जातील. जाऊ द्या.

प्रश्न : माझी कॉलेजात शिकणारी मुलगी म्हणते, ‘आई, जुनं आहे म्हणून राखायचं, तर मग जुना अन्यायही राखायचा का?’ मी परंपरेच्या बाजूनं लिहिते, पण तिला उत्तर देता येत नाही.

उत्तर : ताई, लेकीचा प्रश्न बिनतोड आहे, तो टाळू नका. अमेरिकेत विल्यम बक्ली या परंपरावादी लेखकानं १९५५ मध्ये ‘नॅशनल रिव्ह्यू’ हे नियतकालिक सुरू केलं. तिथल्या परंपरावाद्यांना त्यानं घर मिळालं म्हणा ना. त्याच नियतकालिकानं १९५७ च्या संपादकीयात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गोऱ्यांचं कृष्णवर्णीयांवरचं वर्चस्व उचलून धरलं, जिथे ते संख्येनं कमी होते तिथेसुद्धा. व्यवस्था जुनी आहे, हळूहळू सुधारेल, असा एकूण सूर. ती आपोआप सुधारणार नव्हती, केंद्र सरकारनं हस्तक्षेप करणं गरजेचंच होतं, हे बक्लींनी पुढे २००४ मध्ये मान्य केलं. तो हस्तक्षेप होईपर्यंत किती कृष्णवर्णीयांचं आयुष्य मतपेटीच्या बाहेर उभं राहण्यात गेलं, ते लेकीला सांगा. झाकू नका.

पण गोष्टीचा दुसरा भागही सांगा. जॉन बर्च सोसायटी ही कडवी कम्युनिस्टविरोधी संघटना. तिचा संस्थापक रॉबर्ट वेल्च हा राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या आयझेनहॉवरना कम्युनिस्टांचा हस्तक म्हणत असे. सोसायटीचे लोक बक्लींच्याच वाचकांत होते, देणगीदारांतही होते. तरी १९६२ मध्ये बक्लींनी वेल्चवर कडक लिहिलं. वर्गणीदार तुटले, देणग्या आटल्या.

आणि ज्या राज्याला बदलायची सोय नाही त्याला टिकायचीही सोय नाही, हे बर्कनंच लिहून ठेवलंय. वाळवी लागलेला खांब बदलायचा तो घर राहावं म्हणूनच. परंपरावादी माणसानं वाद घालावा तो बदल कुणी, कोणत्या मार्गानं आणि किती वेगानं करायचा यावर. अन्याय आहे की नाही यावर वाद घालत बसलात, तर लेक तुमचं पुढचं काही ऐकणार नाही, आणि तिचं बरोबर असेल.

प्रश्न : टोपणनावानं लिहिलं तर चालेल का?

उत्तर : चालेल, पण त्याची झळ कुणाला बसेल ते आधी पाहा. १७६९ ते १७७२ या काळात लंडनमध्ये ‘ज्युनियस’ या नावानं सरकारवर जहाल पत्रं छापून येत होती. लेखक कोण, हे अजूनही खात्रीनं ठरलेलं नाही. राजाला उद्देशून लिहिलेल्या पत्रावरून खटले मात्र भरले गेले, छापणाऱ्यावर आणि विकणाऱ्यांवर. मुद्रक वुडफॉल निसटला, पुस्तकविक्रेता आल्मन दोषी ठरला. तेव्हा जो तुमचं लिखाण छापणार त्याला तरी खरं नाव सांगा आणि पुरावे त्याच्या हातात द्या.

प्रश्न : एक उद्योजक माझा वर्षाचा सगळा खर्च उचलायला तयार आहेत. अट काहीही नाही म्हणतात. घ्यावेत का?

उत्तर : सगळा नको. अट नाही हे ते मनापासून म्हणत असतील, पण त्यांच्या धंद्याशी संबंधित कायदा चर्चेला येईल त्या दिवशी अट तुम्हीच स्वतःला घालाल. या कामात नफा कुणाला दिसत नाही. ‘नॅशनल रिव्ह्यू’सुद्धा वर्षानुवर्षं तोट्यातच चाललं आणि ती तूट देणग्यांनी भरत गेली. पण तिथे देणारे पुष्कळ होते, म्हणून वेल्चचे चाहते उठून गेले तरी काम थांबलं नाही. यांच्याकडून घ्यायचेच तर इतके घ्या, की उद्या ते बंद झाले तरी पुढचा लेख वेळेवर निघेल. त्यांचं नाव छापा, आणि उरलेल्यासाठी वाचकांपुढे झोळी धरा. लाज वाटेल, पण पहिल्या खेपेलाच.