ग्रामसभेत पहिल्यांदा बोलायला उभे राहताना

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत पांदण रस्त्याचा प्रश्न तुम्ही स्वतः मांडणार, याचा मनापासून आनंद झाला. सुरुवातीला सर्वांत जास्त लक्ष पायांकडे द्या. दोन्ही पावले खांद्यांइतक्या अंतरावर जमिनीवर नीट टेकवा, गुडघे ताठ आवळू नका आणि बोलण्यापूर्वी एक श्वास सावकाश सोडा. कारण घाबरलेला माणूस नकळत एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलू लागतो आणि ते मागे बसलेल्यांनाही दिसते.

नवख्यांची दुसरी चूक हातांची. दुपट्ट्याचे टोक पिळणे, हाताची घडी घालणे, सुटा कागद धरणे, हे टाळा. बोटांचा थोडासा कंपही सुट्या कागदावर मोठा दिसतो, म्हणून मुद्दे पुठ्ठ्याच्या वहीत लिहा.

केवळ सरपंचांकडे पाहून बोलू नका. एक वाक्य एका माणसाकडे पाहून पूर्ण करा, पुढचे वाक्य महिलांच्या बाजूला पाहून. माईक खाली असेल तर वाकू नका, तो वर करून घ्या.

हातवारे आणि आवाजातील चढउतार सध्या राहू द्या. त्याऐवजी पहिली दोन वाक्ये रोज संध्याकाळी ओसरीत उभे राहून मोठ्याने म्हणा, तीही घरातल्या कोणाला तरी समोर बसवून.