इंग्लंडमधल्या क्लबकडून एक सीझन खेळायचाय. एजंटला पैसे द्यावेत का, आणि प्रोफाइलमध्ये 'ऑलराउंडर' लिहावं की नुसतं 'स्पिनर'?

प्रश्नात तू लिहिलंयस की वय २३, मधल्या फळीत बॅटिंग, डावखुरी फिरकी, आणि एक एजंट 'क्लब पक्का करून देतो' म्हणत दीड लाख मागतोय. वयाने बराच लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

एजंटला एक रुपयाही देऊ नकोस. ऑलराउंडर बिनधास्त लिही, पण स्वतःच्या हाताने लिही. एवढं ठासून का सांगतोय ते ऐक.

२०१३ साली मी मुंबईच्या पावसाळी कांगा लीगमध्ये बी डिव्हिजनला खेळत होतो. तुझ्यासारखाच डावखुरा स्पिनर, सहाव्या नंबरला बॅटिंग. नोकरीतून पाच महिन्यांची बिनपगारी रजा काढली, एजंटला ऐंशी हजार मोजले, तिकीट स्वतःचं. हौशी खेळाडू म्हणून व्हिजिटर व्हिसावर गेलो. क्लबकडून एक पैसा नाही, एका निवृत्त बाईंकडे भाड्याची खोली. लँकेशायर आणि यॉर्कशायरच्या हद्दीवरचं गाव, बंद पडलेल्या गिरण्या, काळ्या दगडाची घरं आणि एका अंगाला चांगलं हातभर उतरलेलं ग्राउंड. क्लबचं नाव सांगत नाही, त्या बिचाऱ्यांची काही चूक नव्हती.

पहिला शनिवार एप्रिलअखेरचा. सहा डिग्री, वारा असा की डोळ्यांतून पाणी. आमची फिल्डिंग. कॅप्टन पेशाने प्लंबर. त्याने येऊन नवा कोरा ड्यूक्स बॉल माझ्या हातात ठेवला आणि 'पॅव्हेलियन एंड' म्हणाला. मला वाटलं, इथे स्पिनरने सुरुवात करायची पद्धत असेल. मागे वळून बघतो तर तीन स्लिप, गली, आणि विकेटकीपर स्टंपच्या मागे अठरा पावलांवर, फास्ट बॉलरला उभा राहतो तसा. मी हाताने त्याला पुढे ये म्हणून खूण केली. त्याला वाटलं मी मागे जा म्हणतोय. तो आणखी दोन पावलं मागे गेला.

काय करणार, पाच पावलांचा माझा रनअप घेतला आणि टाकला. बॅट्समनने बॉल यायच्या आधीच बॅट फिरवली. बॉल ऑफस्टंपच्या बाहेरून गेला, दुसरा टप्पा, तिसरा टप्पा, मग गवतात घरंगळत कीपरपर्यंत. कीपरने तो वाकून उचलला, जसा आपण पडलेला रुमाल उचलतो. ग्राउंडवर चिडीचूप. बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने मोठ्याने विचारलं, "रनअप संपला का त्याचा?" मग कीपर चालत निघाला. वीस पावलं. तो चालतोय, स्लिपवाले एकेक करून पांगतायत आणि मी बॉल पँटला घासत उभा. तो चालायचा संपेचना. पुढचा बॉल भिंतीपलीकडे, मेंढ्यांत. सहा ओव्हर, ५१ रन, विकेट शून्य.

रात्री क्लबच्या बारमध्ये चेअरमनने एक घडी घातलेला कागद काढला. माझा बायोडेटा. त्यात मी 'डावखुरा जलदगती ऑलराउंडर, वेग १३५'. मी आयुष्यात १३५ फक्त मोटरसायकलच्या काट्यावर बघितलेत. एजंटला फोन केला तर म्हणतो, "अरे, तिकडे फास्टरला डिमांड असते. तू पोचलास ना?"

क्लबने मला हाकललं नाही, कारण त्यांनी माझ्यावर काही खर्चच केला नव्हता. तीन आठवडे सेकंड टीमला खेळलो. दिवसा करायला काही नसायचं म्हणून मंगळवारी आणि गुरुवारी माळ्याबरोबर रोलर फिरवायचो, कव्हर ओढायचो. (माळी हा आपला मैदानावरचा शब्द. तिकडे हा माणूस सेक्रेटरीलाही पिचवरून हाकलतो.) सत्तरीचा म्हातारा पिचवर अंगठा दाबून सांगायचा, शनिवारपर्यंत वाळणार की नाही. तिथल्या पोरांना ओल्या पिचची धास्ती. आपण जुलैत आझाद मैदानावर घोटाभर गवतात, चिखलात खेळलेली माणसं. बॉल थांबून येतो, मग आपणही थांबायचं, त्यात काय? मे महिन्यात फर्स्ट टीमला चान्स मिळाला आणि असल्याच पिचवर मी ५७ केले.

तिथे पन्नास झाले की प्रेक्षकांतून डबा फिरवतात. माझ्या डब्यात ३४ पौंड आणि एक शर्टाचं बटण निघालं. मी हौशी, व्हिसाही तसाच, त्यामुळे पैसे घेता येत नव्हते. सेक्रेटरीने ते ज्युनियर पोरांच्या किटच्या खात्यात टाकले. आणि पन्नास करणाऱ्याने टीमला बियरचा जग पाजायचा, हीही पद्धत. मी पीत नाही, तरी जग माझ्याच खिशातून गेला. बटण अजून माझ्याकडे आहे.

सीझनअखेर ३४ विकेट, ४८० रन. फार मोठं काही नाही, पण पुढच्या वर्षी ये म्हणाले.

आता तुझा दुसरा प्रश्न. आमचे सर दहा वर्षं मला सांगत होते, "ऑलराउंडर म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. एक काहीतरी धर." सिलेक्शनलाही हेच ऐकलं. बॅट्समन निवडताना मी बॉलर, बॉलर निवडताना बॅट्समन. सर, तुम्ही हे वाचणार नाही, पण तुमचं चुकलं. तिथे बहुतेक लीगमध्ये टीमला एका वेळी एकच परदेशी खेळाडू चालतो. त्या एका जागेत क्लबला दोन माणसं हवी असतात. नुसता स्पिनर एप्रिल-मेच्या ओल्या थंडीत गार पडला की जागा फुकट. दोन्ही अर्धंअर्धं येणारा माणूस तिथे पूर्ण भरतो.

आणि सरांचं दैवत होतं विनू मंकड! डावखुरी फिरकी आणि बॅटिंग. १९५२ मध्ये हा माणूस लँकेशायर लीगमध्ये हॅसलिंग्डन क्लबचा पगारी प्रोफेशनल होता. भारताच्या इंग्लंड टूरच्या टीममध्ये जागा नक्की देतो असं बोर्डाने सांगितलं नाही म्हणून त्याने क्लबशी करार केला. हेडिंग्लीच्या टेस्टला दुसऱ्या डावात आपले शून्यावर चार गेल्यावर बोर्डाने क्लबकडे धाव घेतली. क्लबने सोडलं आणि लॉर्ड्सला त्याने ७२ आणि १८४ केले, शिवाय ७३ ओव्हर टाकून १९६ मध्ये पाच विकेट. मंकडला कोणी 'एक काहीतरी धर' म्हटलं होतं का? अर्थात मी मंकड नाही, सरांनी हेच उत्तर दिलं असतं.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. माझा अनुभव २०१३ चा आहे आणि व्हिसाचे नियम नंतर बरेच कडक झालेत. आता 'प्रोफेशनल खेळाडू'च्या, म्हणजे हौशी न धरल्या जाणाऱ्यांच्या, व्याख्येत मागच्या दोन वर्षांत राज्याच्या टीमकडून खेळलेले येतात, अंडर-१७ पासून पुढचे वयोगटही धरून. खेळायची संधी शोधायला एजंट नेमणं हीसुद्धा त्यात एक खूण धरलीय! म्हणजे दीड लाख देऊन तू स्वतःच्याच व्हिजिटर व्हिसाला सुरुंग लावशील. यंग प्रोफेशनल्स व्हिसाची (तरुण भारतीयांना तिथे राहून नोकरी करू देणारा व्हिसा) सोडत असते, पदवी लागते, पण त्यावरही पैसे घेऊन खेळता किंवा कोचिंग करता येत नाही. मी गेलो तसं आज जाता येईलच असं समजू नकोस, क्लबला ईसीबीचे, म्हणजे तिथल्या क्रिकेट बोर्डाचे, नियम विचारायला लाव. रजिस्टर्ड खेळाडू असशील तर असोसिएशनमार्फत बीसीसीआयचं ना-हरकत पत्रही आधी घे.

क्लब शोधायचा तर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये थेट सेक्रेटरींना मेल टाक. चाळीस टाकलेस तर पाच उत्तरं येतील. आकडे फुगवू नकोस, स्कोअरकार्डची लिंक दे. सोबत बॉलिंगचा दोन मिनिटांचा व्हिडिओ, स्लो मोशन नाही, गाणं नाही. कॅमेरा बॉलरच्या मागे ठेव आणि फ्रेममध्ये विकेटकीपर दिसला पाहिजे, कुठे उभा आहे ते.