लोकरीच्या सुटाची निगा
पहिला लोकरी सूट शिवून घेतल्यावर प्रत्येक वापरानंतर तो ड्रायक्लीनिंगला टाकण्याची घाई करू नका, कारण वारंवारच्या रसायनांनी लोकर रुक्ष आणि निस्तेज होते. सूट उतरवल्यावर खिसे रिकामे करावेत, मऊ ब्रशने धूळ झटकावी आणि रुंद खांद्यांच्या लाकडी हँगरवर तो किमान २४ तास सावलीत, मोकळ्या हवेत टांगावा. बऱ्याचशा सुरकुत्या आपोआप उतरतात. इस्त्री ओलसर सुती कापड मध्ये घालूनच करावी. कसरीच्या (लोकरी कपडे कुरतडणाऱ्या किडीच्या) अळ्यांना घामाचे वा अन्नाचे डाग असलेली लोकर विशेष प्रिय असते, म्हणून लग्नसराई संपताच, पावसाळ्यापूर्वी, सूट स्वच्छ करवून सुती आवरणात ठेवावा. दुकानातून आलेली प्लॅस्टिकची पिशवी, कितीही नीटनेटकी दिसली तरी, कोकणपट्टीच्या दमट हवेत बुरशीला आमंत्रणच ठरते.