सिक्वेन्सिंगचा डेटा डोळ्यांनी का पाहायचा?

तुम्ही लिहिलंय की परभणीला कृषी पदवी झाली आहे, पुढे पीक आनुवंशशास्त्रात जायचं आहे, पण संगणकावर रंगीत चित्रं बघण्यात शेतीचं संशोधन ते कुठलं, असं घरचे म्हणतात. तुमचा हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. माझं काम तूर पैदाशीतलं, म्हणून तुरीपासूनच सांगतो.

इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या पुढाकाराने झालेला, तुरीच्या ‘आशा’ या वाणाचा जिनोम, म्हणजे त्याच्या संपूर्ण डीएनएचा वाचलेला क्रम, 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. आता बीडीएन 711 सारख्या आपल्याकडच्या वाणाचं सिक्वेन्सिंग केलं, म्हणजे त्याच्या डीएनएची ए, सी, जी, टी ही अक्षरं यंत्राने वाचली, तर साधारण 150 अक्षरांचे कोट्यवधी तुकडे हाती येतात. ते ‘आशा’च्या 11 गुणसूत्रांवर बसवायचे आणि कुठे अक्षर बदललंय ते प्रोग्रामला शोधायला लावायचं. प्रोग्राम लाखो ओळींची यादी देतो. नवी मुलं त्या यादीवरच निष्कर्ष काढतात, आणि खरी अडचण तिथे आहे.

समजा एका जागी निम्म्या तुकड्यांत ‘ए’ आणि निम्म्यांत ‘जी’ दिसतंय. यादी म्हणेल, झाड संकरित आहे, एक अक्षर आईकडून आणि दुसरं बापाकडून आलंय. तुरीत हे शक्यही आहे, कारण मधमाश्यांमुळे तिच्यात परपरागीभवन होतं आणि शेजारच्या वाणाची भेसळ शिरते. पण ती जागा उघडून बघितली आणि तिथे एकावर एक रचलेल्या तुकड्यांची रास आजूबाजूच्या दुप्पट उंच निघाली, शिवाय प्रत्येक वाणात तसंच निम्मं-निम्मं दिसलं, तर शंका घ्या. बहुधा दोन सारख्या जनुकांचे तुकडे एकाच जागेवर येऊन बसलेत. बदल फक्त तुकड्यांच्या टोकांवरच दिसत असेल, तर तुकडे बसवताना चूक झाली असण्याची शक्यता जास्त. यादीतल्या एका ओळीवरून हे उमगत नाही, रास बघितली की लगेच कळतं. स्कॉटलंडमध्ये डंडीजवळ जेम्स हटन इन्स्टिट्यूट आहे, बार्ली आणि बटाट्यावरच्या कामासाठी ओळखली जाणारी. तिथल्या गटाचा ‘टॅबलेट’ हा प्रोग्राम नेमकं हेच दाखवतो. याच गटाचा ‘फ्लॅपजॅक’ पैदासकारांनी तर शिकायलाच हवा.

फ्लॅपजॅकमध्ये प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक झाड आणि प्रत्येक उभा रकाना म्हणजे एक मार्कर, म्हणजे वाणावाणांत फरक दाखवणारी डीएनएवरची एक खुणेची जागा. आपली रब्बी ज्वारी जमिनीतल्या साठलेल्या ओलीवर येते, दाणे भरताना ओल संपली की पानं करपतात. बी 35 या ज्वारीत शेवटपर्यंत पान हिरवं ठेवणारे चार जनुकीय पट्टे सापडलेत. त्यातला एखादा मालदांडी या आपल्या रब्बी वाणात आणायचा, तर बॅकक्रॉस करत जावं लागतं, म्हणजे संकराचा पुन्हा पुन्हा मालदांडीशीच संकर करायचा. दुसऱ्या बॅकक्रॉसनंतर मालदांडीचा वाटा सरासरी 87.5 टक्के असतो, पण तो सरासरीच. चित्रात एका झाडात बी 35 चा रंग हव्या त्याच पट्ट्यापुरता दिसतो, दुसऱ्यात तो अर्ध्या गुणसूत्रावर पसरलेला असतो. टक्केवारी दोघांची जवळपास सारखी, तरी पुढे न्यायचं पहिलंच झाड. दुसऱ्यासोबत भाकरीची चव, कडब्याची प्रत बिघडवणारे नको ते जनुकही येऊ शकतात. शेतकऱ्याला काय मिळतं, याचं उत्तर या निवडीत आहे.

चित्राचे रंग निवडताना लाल-हिरव्याची जोडी मात्र टाळा, अनेकांना त्यातला फरक दिसत नाही. आणि शेतातली नोंद कच्ची असेल, तर कितीही सुंदर आलेख काढला तरी उपयोग नाही. मर रोगाच्या प्लॉटमध्ये कुठलं झाड कधी सुकलं हे स्वतः उन्हात फिरून लिहिलेल्या माणसालाच पडद्यावरच्या ओळी नीट वाचता येतात, असं माझं ठाम मत आहे. त्या बाबतीत मराठवाड्यातली पोरं कुठेच कमी नाहीत.

घरच्यांना समजावण्याआधी स्वतः करून बघा. दोन्ही प्रोग्राम मोफत मिळतात आणि लहान डेटा साध्या लॅपटॉपवरही चालतो. तुरीचा किंवा ज्वारीचा सार्वजनिक डेटा उतरवा, एकच जनुक निवडा आणि त्यातला प्रत्येक बदल खरा की खोटा हे रास बघून ठरवा. जिथे ठरवता येणार नाही, त्या जागेचं चित्र इथे टाका, आपण मिळून बघू.