जलरंगात फक्त फिकी निसर्गचित्रंच होतात का, गडद नाट्यमय चित्र जमत नाही का?

नाही, जलरंगात गडद आणि नाट्यमय चित्रंही मस्त होतात. सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे चित्रकार सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, बरेच जण ते रविवर्म्याचं ऑइल पेंटिंग समजतात पण ते चक्क जलरंगातलं आहे! ज्योत झाकणाऱ्या बोटांच्या कडा कशा लालसर उजळल्यात ते नीट बघा. हे जमतं कारण रंग पारदर्शक असतो, उजेड त्यातून कागदापर्यंत जाऊन परत येतो, म्हणजे उजळपणा खरा कागदाचा, आणि गडदपणा हवा तर एक वॉश (पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचा थर) पूर्ण वाळला की त्यावर दुसरा द्यायचा किंवा सरळ कमी पाण्यात दाट रंग लावायचा, ओल्या कागदावर ओला रंग सोडला तर धुकं, कोरड्या कागदावर कोरडा ब्रश ओढला तर खडबडीत दगड, इतकी रेंज आहे यात. फक्त एक, वाळल्यावर रंग फिका पडतो म्हणून लावताना थोडा जास्तच गडद लावा, आणि उजेडाच्या जागा आधीच कोऱ्या सोडा, नंतर तो पांढरा पूर्ण परत मिळत नाही. कागद ३०० जीएसएमचा घ्या, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड.